ऑइलच्या अहवालात शिसे वाढले आहे. चेंबर (इंजिनाखालची ऑइलची टाकी) उतरवून बेअरिंग पाहावे का?

पंपघर
नमस्कार. माझ्याकडे पाणी उपसण्याच्या पंपाला जोडलेले सहा सिलिंडरचे टर्बो डिझेल इंजिन आहे. ते रोज बरेच तास जवळजवळ एकाच भारावर चालते. ऑइल १५ लिटर बसते, १५डब्ल्यू-४० ग्रेडचे वापरतो आणि दर २५० तासांनी बदलतो. गेल्या तीन बदलांपासून जुन्या ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेऊ लागलो आहे. तिन्ही अहवालांतील आकडे क्रमाने देतो. धातूंचे आकडे पीपीएममध्ये (दहा लाख भागांत किती भाग) आहेत.

शिसे ४, ६, १९. कथील १, १, ३. तांबे ९, ११, १९. लोखंड २२, २५, २९. ॲल्युमिनिअम ३, ३, ४. सिलिकॉन ६, ७, ८. सोडियम ५, ६, ६. १०० अंश सेल्सिअसला स्निग्धता (ऑइलचा घट्टपणा), सेंटिस्टोकमध्ये, १४.१, १३.८, ११.७.

प्रयोगशाळेने शेवटच्या अहवालात शिशाच्या आकड्यावर पिवळी खूण करून 'बेअरिंगची झीज संभवते, लक्ष ठेवावे' एवढेच लिहिले आहे. इंजिनाचा आवाज पूर्वीसारखाच आहे आणि ऑइल प्रेशरमध्ये मला फरक जाणवलेला नाही. शेवटचे ओव्हरहॉल होऊन साधारण ४,००० तास झाले असून त्या वेळी सर्व बेअरिंग नवीन बसवली होती. केवळ या एका अहवालावरून चेंबर उतरवणे योग्य ठरेल का, की पुढच्या नमुन्याची वाट पाहावी?

रात्रपाळी
इंजिन आजच बंद करा आणि चेंबर उतरवा. शेलसाठी (बेअरिंगच्या अर्धगोल भागांसाठी) होणारा खर्च क्रँकशाफ्टच्या खर्चापुढे काहीच नसतो. मी ज्या इंजिनावर काम करत होतो, त्याच्या बेअरिंगचा आवाज येऊ लागल्यावरही 'ही पाळी संपू दे' असे ठरले, आणि पाळी संपण्यापूर्वीच कनेक्टिंग रॉड ब्लॉक फोडून बाहेर आला. बेअरिंगचा आवाज ऐकू येतो तेव्हा उशीर झालेला असतो. तुमच्याकडे आवाजाच्या आधी सूचना आली आहे, तिचा उपयोग करा.

जुना जर्नल
रात्रपाळी यांची तळमळ मला समजते, तरीही घाईने नटबोल्ट सोडवू नयेत असे मला वाटते. शिसे ६ वरून १९ वर जाणे ही दखल घेण्यासारखी बाब आहे, पण १९ हा आकडा एकटा घेतला तर त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. कित्येक निरोगी इंजिनांत १९ पीपीएम शिसे वर्षानुवर्षे दिसत राहते, तर काही इंजिनांत १० सुद्धा वाईट असते. त्या इंजिनाचा स्वतःचा नेहमीचा आकडा कोणता आणि त्यापासून ते किती सरकले, हे पाहायचे असते. तुमच्या बाबतीत ते तिपटीने सरकले आहे.

आता काही प्रश्न विचारतो. नमुना कुठून आणि कसा घेतला? ऑइल गरम होते का? मधल्या काळात वरून किती ऑइल घातले? शेवटचा नमुना नेमका २५० तासांचाच आहे का? जुना फिल्टर तुमच्याकडे अजून आहे का? या उत्तरांशिवाय पुढे सांगणे म्हणजे अंदाज बांधणे होईल.

नवशिकी
विषयाशी संबंधित मूलभूत प्रश्न विचारते. बेअरिंग आणि शाफ्ट यांच्यामध्ये ऑइल असते आणि ते एकमेकांना टेकत नाहीत असे शिकले आहे. मग ती झिजतात कशी? आणि शिशाचा संबंध बेअरिंगशीच का लावला जातो?

मायक्रोमीटर
@नवशिकी, प्रश्न मूलभूत आहे आणि म्हणूनच त्याचे उत्तर नीट द्यायला हवे.

मेन (क्रँकशाफ्टला आधार देणारी) आणि बिग एंडची (कनेक्टिंग रॉडच्या क्रँकशाफ्टकडील टोकाची) बेअरिंग ही गोळ्यांची नसतात. ती दोन अर्धगोल शेलची असतात. शेलचा पाठीकडचा भाग पोलादाचा असतो, त्यावर तांबे-शिसे यांच्या किंवा ॲल्युमिनिअम-कथील यांच्या मिश्रधातूचा अस्तर-थर असतो आणि तांबे-शिसे प्रकारात सर्वांत वर शिसे, कथील व थोडे तांबे यांचा मऊ थर चढवलेला असतो. हा वरचा थर सर्वसाधारणपणे २० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीच्या निम्म्याहूनही कमी. या थराच्या आणि अस्तराच्या मध्ये निकेलचा अतिशय पातळ पडदा असतो, कारण तो नसेल तर उष्णतेमुळे वरच्या थरातील कथील खालच्या तांब्यात शिरते आणि थर कमकुवत होतो. मऊ धातूचा हा विचार जुना आहे. आयझॅक बॅबिट यांनी १८३९ मध्ये मऊ अस्तराच्या बेअरिंगचे पेटंट घेतले आणि कथीलप्रधान मिश्रधातूला आजही बॅबिट म्हणतात.

शाफ्ट फिरताना ऑइल स्वतःबरोबर ओढून नेतो आणि जिथे फट निमुळती होते तिथे ते कोंडले जाऊन दाब तयार होतो. तो दाबच शाफ्टला उचलून धरतो. ऑइल पंपाचे काम फट भरलेली ठेवण्याचे आहे. पंपाचा दाब भार पेलत नाही, शाफ्टच्या फिरण्यातून निर्माण होणारा दाब तो पेलतो. बोचँप टॉवर यांना हे १८८३ मध्ये रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करताना अनपेक्षितपणे उमगले. त्यांनी बेअरिंगच्या वरच्या भागात ऑइलसाठी छिद्र पाडले होते. त्यातून ऑइल वर येऊ लागले म्हणून त्यात लाकडी खुंटी ठोकली, तर ऑइलने ती खुंटीही बाहेर ढकलली. या दाबाचे गणित १८८६ मध्ये ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी मांडले.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा. भाराच्या परमोच्च क्षणी हा ऑइलचा पडदा एखाद्या मायक्रॉनपर्यंत पातळ होतो. सुरू करताना आणि बंद करताना वेग पुरेसा नसल्यामुळे तो क्षणभर नसतोच आणि धातूला धातू टेकतो. ऑइल पातळ झाले, फार तापले, कमी पडले किंवा त्यात पडद्यापेक्षा जाड कण आले, तर चालू इंजिनातही हेच घडते. आणि टेकल्यावर पहिल्यांदा झिजतो तो सर्वांत वरचा, शिशाचा थर. म्हणून शिसे हे बेअरिंगचे पहिले बोलणे मानले जाते.

नवशिकी
धन्यवाद. 'पहिले बोलणे' हे लक्षात राहील.

सहा सिलिंडर
मी या सगळ्या तपासणीबाबत साशंक आहे आणि त्याला कारण आहे. आमच्या एका इंजिनाचा अहवाल सर्व बाबतीत 'सामान्य' आला आणि त्यानंतर दोन आठवड्यांत तिसरे मेन बेअरिंग फिरून शाफ्ट जळाला. तेव्हापासून मी प्रेशर गेज आणि स्वतःचा कान यांच्यावर विसंबतो. अहवालावर विसंबणारे लोक गेजकडे पाहणे सोडून देतात, हे मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

नमुनाबाटली
मी वापरलेल्या ऑइलच्या तपासणीचेच काम करते, म्हणून @सहा सिलिंडर यांच्या मुद्द्याला आधी उत्तर देते. त्यांचा अनुभव खरा आहे आणि त्यामागचे कारण आमच्या यंत्रात आहे.

धातूंचे पीपीएम ज्या पद्धतीने काढतात, तिच्यात ऑइलचा सूक्ष्म फवारा अतितप्त प्लाझ्मात सोडतात आणि प्रत्येक मूलद्रव्याचा प्रकाश मोजतात. फवाऱ्याबरोबर जे कण वर जाऊन पूर्ण जळतात त्यांचीच मोजदाद होते, आणि ही मर्यादा साधारण ५ मायक्रॉनच्या आसपास आहे. फिरत्या चकतीच्या इलेक्ट्रोडची पद्धत थोडे मोठे कण पाहते, पण १० मायक्रॉनच्या पुढे तीही आंधळी होते. बेअरिंग हळूहळू घासत असेल किंवा आम्लामुळे विरघळत असेल, तर सूक्ष्म कण भरपूर तयार होतात आणि अहवालात ते उमटतात. पण थकव्यामुळे अस्तराचे तुकडे सुटू लागले, तर ते तुकडे आकाराने मोठे असतात. ते फिल्टरमध्ये अडकतात किंवा चेंबरच्या तळाशी बसतात, आणि नमुना स्वच्छ दिसतो. ऑइलचा मार्ग अचानक तुंबून बेअरिंग काही मिनिटांत जळणे, हे तर दोन नमुन्यांच्या मध्येच घडून जाते.

आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. मोठे कण मोजण्यासाठी अहवालात 'पीक्यू' नावाचा जो निर्देशांक असतो, तो चुंबकीय कणांचा असतो. शिसे, तांबे, कथील, ॲल्युमिनिअम यांपैकी काहीही चुंबकाला लागत नाही. म्हणजे बेअरिंगच्या मोठ्या तुकड्यांसाठी हा निर्देशांक जवळजवळ निरुपयोगी आहे. त्यासाठी फिल्टर कापून, त्याचा कागद उलगडून, उजेडात पाहणे हाच साधा आणि खात्रीचा उपाय आहे.

म्हणून गेज सोडून अहवाल धरावा असे माझे मुळीच म्हणणे नाही. गेज, कान, फिल्टर आणि अहवाल हे चौघे वेगवेगळ्या गोष्टी पाहतात.

सहा सिलिंडर
हे मला आजवर कोणी सांगितले नव्हते. आमच्या त्या इंजिनाचा फिल्टर कोणीही कापून पाहिला नव्हता, तसाच टाकून दिला होता.

पंपघर
@जुना जर्नल, नमुना ऑइल सोडताना, इंजिन गरम असताना, धार सुरू झाल्यावर थोडे वाहून गेल्यानंतर स्वच्छ बाटलीत घेतला. तिन्ही वेळा हीच रीत होती. तास २४० ते २५५ यांच्या दरम्यान आहेत. पहिल्या दोन वेळा वरून प्रत्येकी साधारण दीड लिटर ऑइल घातले होते. तिसऱ्या वेळी एकदाही घालावे लागले नाही, पट्टीवर पातळी शेवटपर्यंत जवळजवळ पूर्ण होती. फिल्टर ठेवलेला आहे. कापून आज-उद्या पाहतो.

मायक्रोमीटर
फिल्टर येईपर्यंत एक हिशेब मांडतो, कारण पीपीएमचा आकडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही.

१५ लिटर ऑइल म्हणजे सुमारे १३ किलो. त्यात १ पीपीएम म्हणजे १३ मिलिग्रॅम. तुमचे शिसे नेहमीपेक्षा १३ पीपीएमने वाढले, म्हणजे सुमारे १७० मिलिग्रॅम जास्तीचे शिसे आले. शिशाची घनता पाहता ते १५ घनमिलिमीटर होते. इवलासा ठिपका.

या आकाराच्या इंजिनात जर्नलचा (शाफ्टच्या बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या भागाचा) व्यास ७६ मिलिमीटर आणि शेलची रुंदी ३२ मिलिमीटर धरली, तर एका बेअरिंगवर खरा भार घेणारा तिसरा हिस्सा सुमारे २,५०० चौरस मिलिमीटर होतो. आता तो १५ घनमिलिमीटरचा ठिपका सात मेन आणि सहा बिग एंड अशा तेरा बेअरिंगांवर सारखा वाटला, तर प्रत्येकाची झीज अर्ध्या मायक्रॉनपेक्षाही कमी भरते, म्हणजे काहीच बिघडलेले नाही. तो सगळा एकाच बेअरिंगमधून आला असेल तर झीज ६ मायक्रॉन. आणि एकाच बेअरिंगच्या भार घेणाऱ्या भागाच्या एका चतुर्थांशातून आला असेल, तर तिथला वरचा थर पूर्ण संपला आहे. आकडा एकच, पण अर्थ तीन. यापैकी कोणता खरा, हे शिसे एकटे कधीच सांगू शकत नाही.

मात्र तांबे ११ वरून १९ झाले आहे. सर्व बेअरिंग अर्धा-अर्धा मायक्रॉन झिजली असती तर खालचे तांबे उघडे पडलेच नसते, कारण वरच्या थरात तांबे अगदी थोडे असते. म्हणून मला तिसऱ्या शक्यतेची काळजी वाटते.

नमुनाबाटली
@मायक्रोमीटर, मांडणी सुंदर आहे, पण तांब्याबाबत सावध राहायला हवे. तांबे हा अहवालातील सर्वांत फसवा धातू आहे. ऑइल कूलरच्या तांब्याच्या नळ्यांवर ऑइलमधील द्रव्यांची रासायनिक क्रिया होते आणि नव्या इंजिनात किंवा ऑइलचा ब्रँड बदलल्यावर तांबे शेकडो पीपीएमपर्यंत चढूनही कुठेच झीज नसते. पिस्टन पिनच्या बुशमधून आणि टर्बोच्या बुशमधूनही तांबे येते. तांबे एकटे वाढले तर मी आधी कूलरकडे पाहते. इथे मात्र शिसे, कथील आणि तांबे तिघेही एकदम वाढले आहेत, तेव्हा बेअरिंगकडेच बोट जाते, हे मान्य.

जुना जर्नल
सगळे धातूंच्या मागे लागले आहेत. मूळ पोस्टमधील शेवटचा आकडा पुन्हा पाहा: स्निग्धता १३.८ वरून ११.७. चाळीस ग्रेडच्या ऑइलची १०० अंशांवरील खालची मर्यादा १२.५ आहे. म्हणजे हे ऑइल आता चाळीस ग्रेडचे राहिलेलेच नाही, तीस ग्रेडचे झाले आहे. त्याला पंपघर यांच्या ताज्या उत्तराची जोड द्या. नेहमी दीड लिटर घालावे लागणाऱ्या इंजिनाला या वेळी थेंबभरही घालावे लागले नाही. ऑइल जळणे थांबलेले नाही; जळलेल्या ऑइलची जागा दुसऱ्या कशाने तरी भरून काढली आहे. कूलंट आत आले असते तर त्यातले सोडियम अहवालात वाढले असते; ते ६ वर स्थिर आहे, म्हणून कूलंट नाही. पाण्याने ऑइल पातळ झालेही नसते, दुधाळ आणि घट्ट झाले असते. मग उरते ते डिझेल.

शिसे हा परिणाम आहे. कारण स्निग्धतेच्या ओळीत लिहिलेले आहे आणि प्रयोगशाळेने खूण मात्र परिणामावर केली.

रात्रपाळी
हे माझ्या नजरेतून पूर्ण सुटले होते. चेंबर उतरवून नवीन शेल बसवली असती आणि गळणारे डिझेल तसेच राहिले असते, तर नवीन शेलही त्याच वाटेने गेली असती.

नमुनाबाटली
@जुना जर्नल यांचे निदान मला पटते. त्यात भर घालते, कारण इथे आणखी एक फसगत होत असते. काजळी ऑइलला घट्ट करते आणि डिझेल त्याला पातळ करते. दोन्ही एकाच वेळी वाढत असतील तर स्निग्धता अगदी जशीच्या तशी दिसते आणि दोन्ही दोष लपून राहतात. पंपघर यांच्या नमुन्यात स्निग्धता खाली आली हे एका अर्थी बरे झाले. ज्यांच्याकडे नव्या पद्धतीची, धूर-फिल्टर असलेली डिझेल इंजिने आहेत त्यांनी विशेष लक्ष द्यावे. तो फिल्टर जाळून साफ करण्यासाठी काही इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचे डिझेल सोडले जाते आणि त्यातील काही भाग भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतो.

उरलेला नमुना प्रयोगशाळेकडे बहुधा अजून असेल. त्यांना फ्लॅश पॉइंट (ऑइलची वाफ पेट घेते ते तापमान) किंवा गॅस क्रोमॅटोग्राफीने इंधनाचे प्रमाण काढून द्यायला सांगावे. नेहमीच्या संचात ही चाचणी बरेचदा नसते, मागावी लागते.

ध्रुवतारा
विषय थोडा बाजूला नेतो, पण संबंध आहे. माझ्या कारच्या इंजिनाच्या अहवालात शिसे कायम ० किंवा १ असते, म्हणून मी निर्धास्त होतो. वरची चर्चा वाचून प्रश्न पडला की, नव्या इंजिनांच्या बेअरिंगमध्ये शिसे असते तरी का?

मायक्रोमीटर
@ध्रुवतारा, फार महत्त्वाचा प्रश्न. युरोपीय संघाच्या २००० सालच्या जुन्या वाहनांविषयीच्या निर्देशानंतर कारच्या बेअरिंगमधून शिसे टप्प्याटप्प्याने बाहेर गेले. आता ॲल्युमिनिअम-कथील, शिसेरहित कांस्य, बिस्मथचा वरचा थर किंवा राळेत घन वंगण मिसळून केलेला पॉलिमरचा थर असे प्रकार आहेत. सिग्नलला आपोआप बंद-चालू होणाऱ्या इंजिनांत बेअरिंगला कोरड्या घर्षणाचे प्रसंग कितीतरी जास्त येतात, म्हणून तिथे पॉलिमरचा थर विशेष वापरतात. अशा इंजिनात बेअरिंग पूर्ण झिजले तरी शिसे शून्यच राहील. पॉलिमर तर धातूंच्या तक्त्यात दिसतच नाही आणि बिस्मथ बहुतेक प्रयोगशाळा नेहमीच्या यादीत मोजत नाहीत. तुमच्या बेअरिंगचा धातू कोणता, हे कळल्याशिवाय शून्य शिशाचा आनंद मानू नये. ॲल्युमिनिअम आणि कथील एकत्र वाढतात का, याकडे पाहा. ॲल्युमिनिअम एकटे वाढले तर ते पिस्टनचेही असू शकते.

रात्रपाळी
आणि सिलिकॉन वाढले तर आधी हवेचा फिल्टर आणि त्याचे पाइप तपासावेत. धुळीने खाल्लेली बेअरिंग मी सर्वांत जास्त पाहिली आहेत. मऊ थर कण पोटात घेतो, पण त्याची क्षमता संपली की तोच रुतलेला कण शाफ्टला कानशीसारखा घासतो.

पंपघर
फिल्टर कापला. कागदाच्या घड्यांमध्ये बारीक राखाडी चकाकी आहे, चुंबक लावला तर बहुतेक चिकटत नाही. दोन-तीन ठिकाणी टाचणीच्या टोकाएवढे तांबूस चपटे कण सापडले. ऑइल प्रेशरची नोंदवही नीट चाळली. पूर्ण वेगावर फरक नाही, पण गरम इंजिन आयडलवर (भाराविना मंद वेगावर) असताना पूर्वी जिथे काटा असे, त्याच्या खाली तो दोन महिन्यांपासून हळूहळू सरकला आहे. रोज पाहत असल्यामुळे मला ते जाणवले नव्हते. इंजिन बंद ठेवले आहे.

जुना जर्नल
आता मात्र मी रात्रपाळी यांच्या बाजूने आहे. टाचणीच्या टोकाएवढे तांबूस कण दिसले, तर पुढच्या नमुन्याची वाट पाहू नये. चेंबर उतरवा. प्रत्येक कॅप काढताना शेल कोणत्या सिलिंडरची आणि वरची की खालची, हे लगेच लिहून ठेवा, कारण शेलच्या खुणाच कारण सांगतात. डिझेल इंजिनात स्फोटाचा भार बिग एंडच्या वरच्या शेलवर आणि मेनच्या खालच्या शेलवर येतो, तिथे नीट पाहा. शेलची पाठ पाहायला विसरू नका. घाईत सगळे जण फक्त चकाकणारी बाजू पाहतात.

नवशिकी
पाठीवर काय दिसते?

जुना जर्नल
@नवशिकी, शेल तिच्या घरात घट्ट दाबून बसलेली असावी लागते. म्हणून तिचे दोन अर्ध मिळून घराच्या परिघापेक्षा किंचित मोठे बनवतात आणि कॅप आवळल्यावर ते दाबले जातात. हा दाब कमी पडला तर शेल घरात सूक्ष्म हालते आणि पाठीवर काळसर, खरवडल्यासारखे डाग पडतात. उष्णता पाठीतूनच रॉडमध्ये जाते, त्यामुळे तिथे संपर्क सुटला की आतली बाजू तापते. पाठ वाचता आली तर निम्मे निदान होते.

पंपघर
(सहा दिवसांनी) सविस्तर लिहितो, कारण इथल्या सर्वांच्या मदतीमुळेच हे झाले.

प्रयोगशाळेने राहिलेल्या नमुन्यातील इंधन मोजून दिले, ते ६ टक्के निघाले. सहाही इंजेक्टर चाचणी-बाकावर लावले, तेव्हा चौथ्याचे नोझल फवारा संपल्यानंतरही थेंब गाळत होते. बाकीचे ठीक होते.

बेअरिंगची स्थिती अशी आहे. सर्व मेन शेल एकसारख्या राखाडी आहेत, झीज नगण्य आहे. बिग एंडच्या वरच्या सहाही शेल भाराच्या जागी गुळगुळीत घासून चमकू लागल्या आहेत. दुसऱ्या सिलिंडरच्या वरच्या शेलवर मात्र एका बाजूला अंगठ्याच्या ठशाएवढ्या भागात वरचा थर पूर्ण गेला असून तांबे उघडे पडले आहे आणि त्यात काही ठिकाणी खड्डे आहेत. मायक्रोमीटर यांनी हिशेबाने सांगितलेली तिसरी शक्यता नेमकी तीच ठरली. जर्नलवर नख फिरवले तर कुठेही अडकत नाही आणि माप मर्यादेत आहे.

इंजेक्टर चौथा खराब आणि बेअरिंग दुसरे गेले, हे मला उमगेना. मग जुना जर्नल यांच्या सांगण्याप्रमाणे पाठ पाहिली. झिजलेल्या जागेच्या बरोबर मागे एक लहानसा काळा ठिपका आणि त्यात रुतलेला कठीण कण होता. ४,००० तासांपूर्वी शेल बसवताना तो घरात राहून गेला असावा.

मायक्रोमीटर
म्हणजे शेल तिथे आतल्या बाजूने काही मायक्रॉन उचललेली होती. ऑइल चाळीस ग्रेडचे होते तोवर पडदा त्या उंचवट्यावरूनही जेमतेम पार होत होता. डिझेलने ऑइल पातळ केले, पडदा त्याहून पातळ झाला आणि सर्वांत उंच जागा सर्वांत आधी टेकली. ऑइल तर सर्व बेअरिंगांना सारखेच मिळते, त्यामुळे कोणत्या सिलिंडरचा इंजेक्टर गळतो याचा आणि कोणते बेअरिंग जाते याचा संबंध असण्याचे कारण नाही.

सहा सिलिंडर
एक शंका. आता पुढे बचाव म्हणून पन्नास ग्रेडचे ऑइल वापरणे बरे का?

जुना जर्नल
माझ्या मते नाही. घट्ट ऑइल थंड इंजिनात बेअरिंगपर्यंत उशिरा पोहोचते आणि फटीतून कमी वाहते, त्यामुळे बेअरिंग थंड ठेवण्याचे त्याचे काम मागे पडते. निर्मात्याने सांगितलेली ग्रेड ठेवावी आणि डिझेलची गळती थांबवावी. मात्र नवीन शेल बसवताना घर आणि शेलची पाठ पूर्ण कोरडी व स्वच्छ करावी, आतल्या बाजूला भरपूर ऑइल लावावे, आणि पहिल्यांदा इंजिन सुरू करण्यापूर्वी इंधन बंद ठेवून, ऑइल प्रेशर गेजवर येईपर्यंत स्टार्टरने थांबून थांबून फिरवावे. कोरड्या पहिल्या अर्ध्या मिनिटात नवीन थराचे जे नुकसान होते, ते पुढच्या हजारो तासांत होत नाही.

पंपघर
(पुन्हा काही आठवड्यांनी) बिग एंडच्या सर्व शेल नवीन बसवल्या, प्लास्टिगेजने (दाबल्यावर फटीचे माप दाखवणाऱ्या मऊ धाग्याने) फटी तपासल्या, सहाही नोझल बदलले. ५० तासांवर मुद्दाम लवकर नमुना दिला होता. शिसे ७, तांबे १०, कथील १, स्निग्धता १४.२, इंधन १ टक्क्याहून कमी. गरम आयडलला काटा जुन्या जागी परत आला आहे. फक्त ५० तासांत शिसे ७ हे जास्त नाही का?

नमुनाबाटली
नवीन शेल जर्नलशी जुळवून घेताना वरच्या थराचा थोडा अंश देतेच, शिवाय कूलर आणि वाहिन्यांमध्ये राहिलेले जुने ऑइलही नव्यात मिसळते. त्यामुळे हा पहिला नमुना तुलनेसाठी धरू नका. हे ऑइल लवकर बदला, पुढचे दोन नमुने नेमक्या २५० तासांना घ्या आणि बाटलीवर तासांबरोबर वरून किती ऑइल घातले तेही लिहा. नवीन ऑइल घातले की पीपीएम कमी दिसतो, आणि या वेळी न घातलेल्या दीड लिटरनेच तर पहिला धागा हाती दिला होता.

पंपघर
लिहीत जाईन. झिजलेली ती शेल आणि फिल्टरचा कागद दोन्ही तारीख घालून ठेवले आहेत. नोंदवहीत गरम आयडलच्या प्रेशरसाठी वेगळा रकाना आखला असून महिन्याच्या पहिल्या दिवशीचा आकडा लाल शाईने लिहितो, म्हणजे रोज पाहूनही न दिसणारा फरक त्यात दिसेल.